उजवीकडचा खिसा

सन दोन हजार सोळा. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. त्या जूनमध्ये इंदूजिजींनी एका सहा वर्षांच्या पोरीची शाळेतली जागा पणाला लावली, आणि मी त्यांना तोंडावर सांगितलं, "जिजी, तुम्ही चुकता आहात." त्यांनी मशीन थांबवलं नाही. पाय हलत राहिले, सुई खालीवर होत राहिली. शिवण संपल्यावर दातांनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, "बापूसाहेब, तुमची चक्की मोकळी फिरते आहे. आवाज येतोय."

खरंच मोकळी फिरत होती. मी रागाने जाऊन बंद केली.

गेल्या माघात देवासहून त्यांच्या मुलाचा फोन आला, की आई गेली. तेव्हापासून ते दिवस डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसलो आहे. मला लिहायची सवय नाही. दुसरीत गुरुजींनी सगळ्यांदेखत कान धरायला सांगितले. मी धरले नाहीत. दप्तर उचललं, घरी आलो, परत गेलो नाही. आजोबा धारच्या दरबारात पागेवर होते, आमच्याकडे कान धरायची पद्धत नव्हती. पुढे अक्षरं आली ती चक्कीवर, गिऱ्हाइकांच्या डब्यांवरची नावं वाचून वाचून. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्याने आपलं आपण सुधारून घ्यावं.

इथे धारमध्ये आमच्या गल्लीत माझी चक्की आणि जिजींचं शिलाईचं दुकान, मधे एक भिंत. भिंतीच्या त्यांच्याकडच्या बाजूलाही पीठ बसायचं. काळ्या कापडावर पीठ उडालं की जिजी भिंतीवर कात्री आपटायच्या. तीनदा आपटली की मी दार लोटून घ्यायचो. चाळीस वर्षं आमचं निम्मं बोलणं भिंतीवरूनच झालं.

त्या माझ्याहून चारेक वर्षांनी मोठ्या. अंगाने एवढ्याशा. पदराला खांद्यावर सुया टोचलेल्या, त्यामुळे त्यांच्या डाव्या बाजूला कुणी फार जवळ जात नसे. खुणा करायला खडू नव्हता, आंघोळीच्या साबणाची झिजलेली चिपटी असायची, म्हणून दुकानाला सदा साबणाचा वास. वडील दरबारी मंडळींचे कपडे शिवायचे, त्यांच्याकडून हात आलेला. नवरा लवकर गेला, मुलगा देवासला कारखान्यात लागला. जिजी मशीन सोडून गेल्या नाहीत. आख्खी गल्ली, मराठी असो की मालवी, त्यांना जिजीच म्हणायची. मला बापूसाहेब म्हणणाऱ्या मात्र त्या एकट्या. मी काही साहेब नव्हतो. माझ्या ताठ मानेला मारलेला तो टोमणा होता. पहिली दोन वर्षं मला राग यायचा, मग दुसऱ्या कुणी नुसतं बापू म्हटलं की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

लहान मुलांचे कपडे शिवण्यात त्यांचा जीव. बाजारच्या तयार कपड्यांना त्या "पोत्याला बाह्या" म्हणायच्या. एक शब्द तोंडात कायम, "वाढतं अंग आहे." शर्टाची खालची पट्टी दुमडून ठेवायची, बाहीत दुमड, स्कर्टाच्या घेरात दुमड, वर्ष उलटलं की उसवून मोकळी करायची. एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिजी, बच्ची को फिटिंग का चाहिए, ये ढीला क्यों?" डॉक्टरीणबाई म्हणजे चौकातल्या दवाखान्याच्या डॉक्टरांची बायको, गल्लीत त्यांचा मोठा मान. जिजींनी कापड घडी करून त्यांच्या हातात दिलं. "फिटिंग हवं असेल तर उशीला शिवून देते. ती वाढत नाही." डॉक्टरीणबाई तणतणत गेल्या आणि दिवाळीच्या आत परत आल्या.

कपडा तयार झाला की मुलाची परीक्षा. "हात वर कर. आणखी वर, छताला लाव. आता खाली बस, उकिडवा. ऊठ. आता बापूसाहेबांच्या चक्कीपर्यंत पळ आणि परत ये." पळताना कुठे ओढलं, कुठे काचलं, हे त्या दारात उभं राहून बघायच्या. पोर माझ्याकडे धडकायचं, नवा कोरा शर्ट पिठाच्या डब्याला घासायचं, आणि मी ओरडायचो. जिजी म्हणायच्या, "ओरडा, ओरडा. ओरडल्यावर आणखी जोरात पळतं."

त्यांची दुसरी विद्या कपडा उलटण्याची. आता कुणाला ठाऊक नसेल. कोट वापरून वापरून वरून विटला, की सगळी शिवण उसवायची, कापडाची आतली बाजू बाहेर घ्यायची आणि तोच कोट पुन्हा शिवायचा. आतल्या बाजूला ऊन लागलेलं नसतं, कोट नवा दिसतो. एक गोष्ट तेवढी लपत नाही. डावी बाजू उजवी होते, म्हणून छातीवरचा खिसा उजवीकडे जातो.

एका लग्नात आम्ही जेवणाच्या रांगेत होतो. जिजी हळूच म्हणाल्या, "बापूसाहेब, तिसऱ्या टेबलापाशी बघा. भारी कोट आहे ना? खिसा बघा." खिसा उजवीकडे. मोठं नाव असलेले गृहस्थ, बग्गीतून फिरलेल्या घराण्यातले. "आणखी दोघं आहेत हॉलमध्ये. सगळे माझ्या हातचे." नावं मी पुष्कळ विचारली. "ते मला सांगून गेलेत, कुणाला सांगू नका म्हणून. मी कशाला सांगू?" असं म्हणून त्यांनी श्रीखंडाकडे लक्ष वळवलं.

माझाही एक कोट होता, लग्नातला, करडा. दर दसऱ्याला मी तो घालायचो, आणि दर दसऱ्याला जिजी दारात म्हणायच्या, "खांद्यावर पिवळा पडलाय. द्या, उलटून देते." मी म्हणायचो, "आमच्या घराण्यात उलटवलेलं कुणी घातलं नाही." त्या मान हलवायच्या. "हो. आणि तिसऱ्या टेबलावरच्यांच्या घराण्यातही नाही."

तर आता त्या जूनची गोष्ट.

सेवंती नावाची एक बाई चौकापलीकडच्या इमारतीच्या साईटवर विटा वाहायची. माणसं डही गावाकडची, भिलाला आदिवासी. नवरा तिथेच सळया बांधायचा. तिची मुलगी भुरी. खासगी शाळांत गरिबांच्या मुलांसाठी काही जागा फुकट ठेवाव्या लागतात, त्यांची सोडत निघते. साईटवरच्या मुनीमाने भुरीचं नाव घातलं आणि निघालं. शाळा कोणती, तर मांडूच्या रस्त्याकडची मोठी इंग्रजी शाळा, जिथे डॉक्टरांची मुलं, बँकेतल्या साहेबांची मुलं जातात, आणि सेवंती ज्याच्या साईटवर राबत होती त्या ठेकेदाराची मुलगीसुद्धा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी शाळा होतीच. तिथे पाच वर्गांना एक बाई, आणि त्या बाईंनाही कधी निवडणुकीच्या, कधी कुठल्या मोजणीच्या कामाला नेलेलं. सेवंती म्हणाली, "जिजी, उधर ताला ज्यादा, इस्कूल कम."

फी माफ होती. ड्रेस माफ नव्हता. तो एकाच ठरलेल्या दुकानातून घ्यायचा, नाहीतर त्या दुकानातून कापड घेऊन शिवायचा. सेवंतीच्या घरात ते जमण्यातलं नव्हतं. ती जिजींच्या पायरीवर बसून राहिली, काही मागितलं नाही. मागायला आली होती हे मात्र दिसत होतं.

जिजींनी डॉक्टरांच्या मुलाचा त्याच शाळेचा जुना शर्ट काढला. लहान झाला म्हणून डॉक्टरीणबाई पुसायला फडकं म्हणून देऊन गेल्या होत्या. लाल-करडा चौकडा, विणलेला, दोन्हीकडून सारखा. वरून विटलेला, आतून ताजा. जिजींचे डोळे चमकले. "बापूसाहेब, इकडे या. मुलाचा शर्ट उलटला की बटणं मुलीची होतात. आपोआप. बघा." काजं खरंच बाजू बदलून बसली. "खिसा तेवढा उजवीकडे जाईल. शर्ट लहान आहे, खिसा हलवायला कापड नाही, आणि जुन्या टाक्यांची भोकं दिसतात. जाऊ दे. खिशाकडे कोण बघतंय?"

लग्नात लोकांचे खिसे बघत बसणारी बाई हे म्हणाली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण मलाही सुचलं नाही.

भुरीने हात वर केले, उकिडवी बसली, चक्कीपर्यंत पळत आली आणि माझ्या पोटाला धडकून परत गेली. गुरुवारी सकाळी सेवंती तिला शाळेत सोडून साईटवर गेली. दुपारी दोघी जिजींच्या दुकानात. सेवंतीच्या डोक्यावर अजून चुंबळ तशीच.

"मैडम बोली, खीसा उलटा है, ये हमारा डिरेस नहीं. लड़की को बाहर बरामदे में खड़ा रखा, छुट्टी तक. बोली सोमवार को दुकान का पहना के लाओ, नहीं तो सीट दूसरे को दे देंगे."

"छुट्टीपर्यंत उभी?" जिजींनी विचारलं.

भुरी म्हणाली, "बीच में बैठी थी थोड़ी."

जिजींनी शर्ट हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. त्यांच्या हातचा कपडा आजवर परत आला नव्हता. त्या दुपारी मशीन चाललं नाही. भिंतीवर कात्रीही वाजली नाही.

संध्याकाळी मी गेलो. म्हटलं, "मी दुकानातला आणून देतो. विषय संपवा."

"आणा. आणि हिच्या मागून दुसरी येईल तिला? तिच्या मागच्या पोराला? आणा किती आणायचे ते."

"मग रफू करा. भोकं बुजवा, खिसा डावीकडे घ्या. तुमच्या हाताला अवघड नाही."

"नाही करणार."

"जिजी, बड्या लोकांचे उजवे खिसे आयुष्यभर झाकून ठेवलेत तुम्ही. या पोरीचा झाकायला काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच डोळ्यांत थोडी साय धरलेली होती. "ते झाकायला सांगतात, बापूसाहेब. हिने झाकण्यासारखं काय केलंय?"

मला राग आला.  मी निघून आलो.

शुक्रवारी दिवसभर मशीन धडधडत होतं. शाळेत जुन्या पोरांना गेल्या वर्षीचा ड्रेस त्या आठवड्यापुरता चालत होता, सोमवारपासून सगळ्यांना नवा लागायचा होता, म्हणून गल्लीतल्या आणि आसपासच्या पैसेवाल्या घरांतलं कापड महिनाभर आधीपासून जिजींकडे येऊन पडलेलं. तयार ड्रेस त्या पोरांना बसत नसत, जिजींचे बसत. शनिवारी दुपारी मी सहज डोकावलो. दोरीवर शर्ट ओळीने लटकलेले. डॉक्टरांच्या धाकट्या मुलीचा, बँकवाल्यांच्या दोघांचे, ठेकेदाराच्या मुलीचा, आणखी कुणाकुणाचे. सगळ्यांचे खिसे उजवीकडे.

मी खुर्चीवर बसलो. "जिजी, हे काय केलंत?"

"शिवले."

"लोक फिरकणार नाहीत तुमच्याकडे. धंदा बसेल."

"वाढतं अंग आहे," त्या म्हणाल्या. कशाबद्दल म्हणाल्या, कोण जाणे.

"आणि हे सगळं करून सोमवारी तिला घेतली नाही तर? तुमचं दुकान गेलं तर तुमचं गेलं. पोरीची जागा कुणाची आहे? तुमची आहे का हट्ट चालवायला? जिजी, तुम्ही चुकता आहात."

हेच ते मी सुरुवातीला सांगितलेलं. आणि त्या मला चक्कीचं बोलल्या.

संध्याकाळी गिऱ्हाइकं आली. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाईंचा आवाज चढलेला, "जिजी, ये क्या मजाक है? पॉकेट इधर?"

"या वर्षी मी असंच शिवलंय."

"स्कूल में चलेगा क्या?"

"ते मला माहीत नाही. नको असेल तर ठेवून जा, बदलून देते. दहा दिवस लागतील."

सोमवार परवावर आलेला. कुणी शिव्या देत नेले, कुणी हसत नेले. बँकवाले म्हणाले, "जिजीला आता दिसत नाही हो." एकजण कापड टाकून दुकानाकडे पळाला. जिजींनी एकालाही खरं कारण सांगितलं नाही, आणि खोटंही सांगितलं नाही.

रविवारी मी त्या ठरलेल्या दुकानात गेलो आणि भुरीसाठी ड्रेस घेतला. दुकानदार म्हणाला, "भिया, छोटा साइज खतम है, ये ले जाओ, बच्ची बड़ी हो जाएगी." भुरी दोनदा मावली असती त्यात. पोत्याला बाह्या. घेतला तरी. मी कुणाच्या हट्टावर दुसऱ्याच्या पोराला सोडणारा माणूस नाही.

सोमवारी सकाळी पिशवी काखेत मारून शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. सेवंती साईटवर खाडा करून आली होती. भुरी तिच्या मागे, त्याच उलटवलेल्या शर्टात, केसांना तेल चोपडलेलं. फाटकात एक मॅडम, हातात पट्टी, एकेका पोराचे बूट, नखं, टाय बघत होत्या. गाड्या येत होत्या, दारं आपटत होती.

डॉक्टरांची मुलगी आली. मॅडमनी पट्टी आडवी धरली. "पॉकेट?" ती रडायला लागली. तिच्या मागून बँकवाल्यांचे दोघं आले, त्यांनाही बाजूला काढलं. मग आणखी एक, आणखी एक. बाजूची रांग आत जाणाऱ्या रांगेपेक्षा लांब व्हायला लागली. आया गाडीतून उतरल्या. मॅडमच्या कपाळावर घाम. मी भुरीकडे बघत होतो. तिने आईचा पदर इतका घट्ट धरला होता की सेवंतीला वाकून उभं राहावं लागत होतं. मला वाटलं, आता या सगळ्यांना घरी पाठवतील, ही पोरं उद्या दुकानातला घालून येतील, आणि भुरी परत येणार नाही. पिशवी उघडून मी ड्रेस अर्धा बाहेरही काढला.

तेवढ्यात ठेकेदाराची गाडी आली. त्याची मुलगीही बाजूला. ठेकेदार खाली उतरला. "मैडम, फीस पूरी भरी है कि नहीं? खीसे के लिए मेरी बच्ची धूप में खड़ी रहेगी?" त्याच्यामागे बाकीच्यांनाही कंठ फुटला. आतून मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी त्या रांगेकडे पाहिलं, इकडचा खिसा, तिकडचा खिसा, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सबको अंदर लो. प्रेयर का टाइम हो गया."

सगळे आत निघाले. त्या घोळक्यात भुरी होती. तिच्या खिशाकडे कुणी पाहिलं नाही, तिच्याकडेच कुणी पाहिलं नाही. सेवंती रिकामा पदर हातात धरून उभी.

फाटकाबाहेर एक मजूर मुलीला घेऊन मागे राहिला होता. तिच्या अंगावर ड्रेसच नव्हता, फुलांचा फ्रॉक होता, म्हणून तिला थांबवलेलं. तीही फुकट जागेवरची. मी पिशवी त्याच्या हातात दिली. "घे भिया, माझ्या कामाची नाही." तो काही बोलायच्या आत मी वळलो.

जिजी मशीनवर होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोला."

"गेली आत."

"पळाली की चालली?"

मी आठवून पाहिलं. लक्षातच नव्हतं माझ्या.

"मग पाहिलंत काय एवढा वेळ?" त्या म्हणाल्या आणि चिडून चाक फिरवलं.

मी म्हटलं तसंच झालं. पुढच्या जूनमध्ये जिजींच्या दुकानात कापड आलं नाही. डॉक्टरीणबाई दारावरून जाताना मान फिरवायच्या. सगळ्या घरांनी तयार ड्रेस घेतले, बसो न बसो. फाटकावर खिशाबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही, एवढं खरं. आणि ते ऐकून साईटवरच्या आया यायला लागल्या. कुणी धुण्याभांड्याच्या घरून मागून आणलेला, कुणी चिंधी बाजारातून घेतलेला विटका चौकडा घेऊन. जिजी उलटून द्यायच्या. मजुरी म्हणून कुणी शेंगा ठेवायचं, कुणी काही नाही. त्यांचे दिवस बरे चाललेले दिसत होते. मला टोचून बोलणं वाढलं होतं, त्यावरून कळायचं.

मग एका संध्याकाळी भुरी आली. दुसरीत गेलेली, उंच झालेली. बाहीतली दुमड मोकळी केलेली, जुन्या घडीची रेघ दंडावर दिसत होती. शर्टाचा खिसा मुठीत धरून उभी राहिली.

"जिजी, खीसा इधर कर दो." तिने डावीकडे हात लावला.

"क्यों री?"

"इधर वालों को," तिने उजव्या खिशावर बोट ठेवलं, "फ्री वाली बोलते हैं." मग म्हणाली, "खेल में लेने से पहले खीसा देखते हैं."

जिजींच्या हातातली साबणाची चिपटी खाली पडली. मी तिथेच होतो, डबा परत द्यायला आलेलो. मागच्या वर्षी निम्म्या शाळेचे खिसे उजवीकडे होते, तेव्हा भुरी त्यांत मिसळून गेली होती. आता ते सगळे डावीकडे गेले आणि उजवीकडे उरली ती नुसती फुकट जागेवरची पोरं. जिजींनी स्वतःच्या हाताने त्यांच्या छातीवर खूण शिवून ठेवली होती. मला बोलायला जागा होती. पण मी डबा ठेवला आणि चक्कीवर येऊन पट्टा चढवला, बाजूला काही ऐकू येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून त्या पायरीवर उन्हात बसायला लागल्या. शर्टाच्या आतल्या शिवणीतून सूत ओढून काढायचं, सुईत ओवायचं, आणि जुन्या टाक्याच्या एकेका भोकात आडवंउभं विणायचं. चौकड्यात लाल सूत लालवर, करडं करड्यावर. नाकाला लागेल इतका शर्ट जवळ. जे मी वर्षापूर्वी करा म्हटलं होतं, तेच. मी जवळून गेलो की त्या म्हणायच्या, "बोला, बोला. पोटात ठेवू नका." मी म्हणायचो, "मला काही बोलायचं नाही." "मग सावली पाडू नका."

भुरीचा झाला, मग दुसऱ्या पोराचा. आला त्या प्रत्येकाचा. मी सुई ओवून देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "पिठाचे हात लावू नका." त्यात वर्ष गेलं, डोळ्यांतली साय वाढत गेली. शेवटी त्या बोटांनी भोक चाचपून सुई घालायला लागल्या. मुलगा देवासहून आला, डॉक्टरला दाखवलं, आणि ठरलं, की ऑपरेशन देवासला आणि मग तिथेच राहायचं. त्यांनी वाद घातला नाही. वाद न घालणाऱ्या जिजी मी पहिल्यांदा पाहिल्या.

निघायच्या दिवशी दारात टेम्पो उभा. मशीन दोरीने बांधून चढवलेलं. जिजी ड्रायव्हरशेजारी बसल्या, सुया अजून खांद्यावर. भुरी आली होती, तिचा शेवटचा शर्ट जिजींच्या मांडीवर होता. खिसा डावीकडे, आणि उजवीकडे काही होतं हे मला तरी कळलं नसतं. जिजींनी तो तिच्या हातात दिला. "हात वर कर," म्हणाल्या. भुरीने केले. "केले का? मला दिसत नाही नीट." "किए, जिजी."

मग सीटमागून त्यांनी कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं. माझा कोट. मी नुसतं अस्तर बदलायला दिला होता, आणि बजावून दिला होता. उलटवलेला. करडा, नवाकोरा, माझ्या लग्नातल्यासारखा.

"जिजी, मी तुम्हाला..."

"खिसा उजवीकडेच ठेवलाय, बापूसाहेब." त्यांनी अंदाजाने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्हाला परवडतो."

टेम्पो निघाला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दिसलंही नसतं. भिंतीपलीकडे मग दिवसभर काही वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चक्की बंद ठेवली आणि कोट घातला. जुलै महिना, हवा अशी की नुसत्या बंडीत घाम यावा. सेवंती पहाटेच साईटवर गेली होती. मी भुरीचा हात धरला आणि चौकातून, दवाखान्यावरून, भर रस्त्याने शाळेकडे निघालो. डॉक्टरीणबाई गॅलरीत होत्या. "बापू, इतनी गर्मी में कोट?" मी म्हटलं, "हाव," आणि कोटाचं वरचं बटणसुद्धा लावलं.

फाटकाशी भुरीने माझ्या खिशाकडे पाहिलं, मग आपल्याकडे. "दादाजी, आपका तो इधर है."

"हो," मी म्हटलं. "जिजींनी शिवलाय."

घंटा झाली. तिने हात सोडवून घेतला आणि आत पळाली. पळाली, चालली नाही. या वेळी मी नीट पाहिलं.